तेराव्या गावचं पाणी

2016 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला ‘पॅलेस’ नावाच्या स्टेडियममध्ये मी सगळ्यात वरच्या रांगेत, छताला हात लागेल अशा जागी बसलो होतो. शेजारी ऑफिसातला मित्र, मूळचा सांगलीचा. डेट्रॉइट पिस्टन्सचा नेहमीचा पॉइंट गार्ड रेगी जॅक्सन गुडघ्याच्या दुखण्याने बाहेर होता आणि त्याच्या जागी इश स्मिथ नावाचा सडपातळ, सहा फुटांचा गडी खेळत होता. बास्केटबॉलमध्ये सहा फूट म्हणजे बुटकाच. एका हाताने तो ड्रिबल करायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने आंद्रे ड्रमंडसारख्या पहाडाला कुठे उभं राहायचं ते दाखवायचा. ड्रमंड मुकाट जाऊन उभा राहायचा. इश संघात येऊन चारच महिने झाले होते.

“बारा गावचं पाणी प्यालेला दिसतोय,” मित्र म्हणाला.

“दहा,” मी म्हटलं. “हे दहावं गाव.”

मित्र हसला, कारण त्याने म्हण वापरली होती आणि मी हिशेब दिला होता. पण हिशेब खरा होता. 2010 ते 2016 या सहा हंगामांत इश स्मिथ ह्यूस्टन, मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑरलँडो, मिलवॉकी, फीनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया आणि न्यू ऑर्लिन्स एवढी ठिकाणं करून आला होता. पुढे वॉशिंग्टन, शार्लट आणि डेन्व्हर झालं. गंमत अशी की एनबीएत सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा जुना विक्रम बरोबर बाराचा होता. चकी ब्राऊन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ या चौघांचा. 2022 च्या ऑक्टोबरात इश डेन्व्हरकडून मैदानात उतरला आणि तेराव्या गावचं पाणी प्याला. आपली म्हण तिथे तोकडी पडली.

ही म्हण आपण दोन्ही अर्थांनी वापरतो. त्यात अनुभवाचं कौतुक असतं आणि ‘जरा जपून, हा माणूस सहज हाती लागणारा नाही’ असा इशाराही. अमेरिकी समालोचक अशा खेळाडूला ‘जर्नीमन’ म्हणतात. त्यांच्या आवाजात कौतुक कमी आणि कणव जास्त असते. म्हणजे कुणालाच कायमचा नको झालेला माणूस. मला हा सूर पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला आधी पॉइंट गार्डचं काम सांगावं लागेल.

सेंटरला नव्या संघात रुळणं त्या मानाने सोपं. रिंगखाली राहा, उंच उडी मार, बॉल हातात आला की टाक. नेमबाजालाही सांगता येतं की त्या कोपऱ्यात उभा राहा. पॉइंट गार्डला असं काही सांगून भागत नाही, कारण बाकीच्या चौघांना जागा दाखवणं हेच त्याचं काम. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा, चोवीस सेकंदांत शॉट निघाला पाहिजे, आणि त्या मधल्या सोळा सेकंदांत कुणाला बॉल छातीवर लागतो, कुणाला जरा खाली, कोण स्क्रीनमागून घाईने सुटतो, कोण तीन वेळा बॉल मिळाला नाही की डिफेन्समध्ये पाय ओढायला लागतो, हे सगळं हाताला ठाऊक असावं लागतं. डोक्याला ठाऊक असून चालत नाही, तेवढा वेळ नसतो. जॉन स्टॉकटनने 19 हंगाम एकट्या यूटा जॅझसाठी खेळून 15,806 असिस्ट, म्हणजे थेट बास्केट करून देणारे पास, केले. तो विक्रम आजवर मोडलेला नाही. त्यातली अठरा वर्षं कार्ल मलोन त्याच्या शेजारी होता. एकमेकांकडे न बघता बॉल द्यावा-घ्यावा इतका सहवास.

म्हणजे ज्या जागेला सगळ्यात जुनी ओळख लागते, त्या जागेवरचा हा माणूस दर संघात सगळ्यात नवा. लग्न लागल्या दिवशीच सुनेच्या हाती कोठीच्या किल्ल्या द्याव्यात आणि संध्याकाळी पन्नास पानं उठवायला सांगावीत, तसं. आणि हे काही वेळा वर्षातून दोनदा.

माझे वडील बँकेत होते. यवतमाळ, परभणी, संगमनेर, कराड असे आम्ही फिरलो. दर वेळी शाळेचा दाखला, दर वेळी नवा वर्ग, दर वेळी हजेरीत सगळ्यात शेवटी हाताने लिहिलेलं माझं नाव. संगमनेरच्या शाळेत सिमेंटचं एक कोर्ट होतं, त्यातली एक रिंग पुढे वाकलेली. नव्या पोराला कुणी बॉल देत नाही, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. दुसऱ्या आठवड्यात कळलं की बॉल कसाबसा हातात आलाच आणि आपण तो लगेच नीट दुसऱ्याला दिला, तर पुढच्या वेळी तो आपल्याकडे परत येतो. शॉट मारणारा नवा पोरगा आगाऊ ठरतो. पास देणारा दोन दिवसांत ‘आपला’ होतो. ‘असिस्ट’ हा शब्द तेव्हा माझ्या कानावर आला नव्हता, पण मी त्याच्यावर शाळा काढली. पुढे पुण्याला कॉलेजच्या संघात राखीव पॉइंट गार्ड म्हणून तीन वर्षं बसलो, मधूनमधून खेळलो. त्यापलीकडे माझ्या खेळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

इश स्मिथचा खेळ बघताना मला ते वाकलेल्या रिंगचं कोर्ट आठवायचं. त्याचा वेग विलक्षण होता. बॉल हातात असताना तो इतका पळे की समोरचा बॉलशिवायही मागे पडावा. पण त्या वेगाचा उपयोग तो बहुतेक वेळा दुसऱ्याला मोकळं करण्यासाठी करायचा. दोघांना अंगावर घ्यायचं आणि शेवटच्या क्षणी बॉल बाजूला सोडायचा. नव्या संघात टिकायची ही जुनी युक्ती आहे, हे मी पैजेवर सांगतो. पास देणाऱ्याचा राग सहसा कुणाला येत नाही.

तो नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा, जन्म जुलै 1988. कॉलेज जवळच, वेक फॉरेस्ट विद्यापीठ. पॉइंट गार्डच्या दृष्टीने हे मोठं घराणं. पाच फूट तीन इंचांचा मग्सी बोग्ज इथला, ख्रिस पॉलही इथलाच. 2010 च्या मार्चमध्ये कॉलेज संघांच्या एनसीएए स्पर्धेत टेक्सासविरुद्धच्या सामन्यात ओव्हरटाइम संपायला जेमतेम सेकंद उरला असताना इशने मारलेला शॉट रिंगमध्ये गेला आणि वेक फॉरेस्ट 81-80 ने जिंकलं. तो सामना न्यू ऑर्लिन्समध्ये होता. तीन महिन्यांनी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, साठ नावं वाचली गेली, त्यात इश स्मिथ हे नाव नव्हतं.

ड्राफ्टबाहेरचा खेळाडू संघात शिरतो तो मागच्या दाराने. ह्यूस्टनने त्याला घेतलं आणि पहिल्याच हंगामाच्या मध्यावर, फेब्रुवारी 2011 मध्ये, शेन बॅटियेसोबत मेम्फिसला दिलं. बातमी अर्थातच बॅटियेची झाली. 2013 च्या फेब्रुवारीत जे. जे. रेडिकसोबत तो ऑरलँडोहून मिलवॉकीला गेला, बातमी रेडिकची. त्याच उन्हाळ्यात कॅरन बटलरच्या बदल्यात मिलवॉकीने जे दोन खेळाडू फीनिक्सला धाडले, त्यातला एक हा. एनबीएत पगारमर्यादेच्या वर असलेल्या संघांना ट्रेड करताना दोन्हीकडच्या पगारांची बेरीज साधारण जुळवावी लागते. मोठ्या नोटेचा व्यवहार झाला की हिशेब जुळवायला सुट्टे लागतात. इश बराच काळ हे सुट्टे होता. न्यू ऑर्लिन्सने तर 2015 च्या फेब्रुवारीत त्याला ओक्लाहोमा सिटीकडून घेतलं ते तडक सोडून देण्यासाठी; ऑक्टोबरात त्याच न्यू ऑर्लिन्सने त्याला पुन्हा बोलावलं. ज्या शहरात त्याने तो शॉट मारला, तेच हे शहर.

वडिलांच्या बदलीला निदान आदेश यायचा, जॉइनिंग टाइम मिळायचा. नव्या गावी पहिल्या रविवारी ते पायी बाहेर पडायचे: दूधवाला, पिठाची गिरणी, डॉक्टर, वाचनालय. संध्याकाळपर्यंत गाव त्यांच्या खिशात. ट्रेड झालेल्या खेळाडूला एवढीही सवड नाही. सकाळी फोन येतो, दुपारी विमान, आणि पुष्कळदा दोन दिवसांत अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी. अर्थात त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणायचं कारण नाही. डेट्रॉइटने त्याच्याशी तीन वर्षांचा 1 कोटी 80 लाख डॉलरचा करार केला होता, आणि आमच्या वडिलांना सामानाच्या ट्रकचं भाडं मंजूर करून घ्यायला हेड ऑफिसला तीन पत्रं लिहावी लागायची. पैशाचं सोडा. मला नवल वाटतं ते कसबाचं.

ते कसब सगळ्यात उघडं पडलं फिलाडेल्फियात. 2015-16 च्या हंगामात फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स हा संघ मुद्दाम हरत होता, म्हणजे निदान जिंकण्याची घाई त्याला नव्हती. व्यवस्थापक सॅम हिंकी यांचं गणित साधं होतं: जितकं हराल तितका पुढच्या ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळण्याचा संभव, म्हणून अनुभवी माणसं विका, कोवळी पोरं गोळा करा आणि वाट पाहा. हंगामातले पहिले अठरा सामने ते सलग हरले. एक जिंकले, पुन्हा बारा हरले. 1 विजय, 30 पराभव. जहलील ओकाफोर आणि नर्लेन्स नोएल असे दोन तरुण, उंच, गुणी खेळाडू रिंगपाशी हात वर करून उभे असायचे आणि त्यांच्यापर्यंत बॉल पोचवणारं कुणी नसायचं. चांगलं धान्य आहे आणि चूल पेटवणारा नाही, असा प्रकार.

शेवटी नाताळच्या आदल्या दिवशी फिलाडेल्फियाने दुसऱ्या फेरीतले दोन ड्राफ्ट हक्क देऊन न्यू ऑर्लिन्सकडून इश स्मिथला आणलं. आधीच्या हंगामाच्या अखेरीस तो इथे थोडा खेळून गेला होता, नोएलला ओळखत होता. 26 डिसेंबरला फीनिक्समध्ये तो उतरला आणि फिलाडेल्फिया 111-104 ने जिंकलं. उरलेल्या 51 सामन्यांत संघाला एकूण नऊ विजय मिळाले. नऊ म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. पण 82 सामन्यांच्या हंगामातला नीचांक फिलाडेल्फियाच्याच नावावर होता, 1972-73 चा, 9 विजय आणि 73 पराभव. 2015-16 मध्ये त्यांनी 10-72 वर हंगाम संपवला. एका विजयाने त्यांनी आपलीच जुनी नामुष्की टाळली. जो माणूस येईपर्यंत एकच सामना जिंकला होता, त्याच्यामुळे दहा झाले असं मी ठामपणे म्हणतो. आकडेशास्त्र्यांनी वाटल्यास वाद घालावा. दोन महिन्यांपूर्वी जो फुकटात मिळत होता, त्याच्यासाठी आता दोन हक्क मोजले गेले. बाजार तोच, माणूसही तोच. मधल्या काळात बॉल पोचवणारा नसला की काय होतं, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच हंगामात देशाच्या दुसऱ्या टोकाला गोल्डन स्टेट वॉरियर्सने 73 सामने जिंकले आणि 9 गमावले. त्यांचा पॉइंट गार्ड स्टीफन करी. हाही 1988 चाच, हाही शार्लटमध्येच वाढलेला. वडील डेल करी शार्लट हॉर्नेट्सकडून मग्सी बोग्जच्या बरोबरीने खेळायचे. स्टीफनला 2009 मध्ये गोल्डन स्टेटने निवडलं आणि त्याने दुसऱ्या संघाची जर्सी कधी घातली नाही. 2011-12 च्या तोकड्या हंगामात त्याचा घोटा सारखा दुखावत होता, तेव्हा वॉरियर्सनी थोड्या दिवसांसाठी ज्यांना हाताशी ठेवलं त्यांत इश होता. एका गावातली दोन पोरं एका बेंचवर, एक घरमालक आणि एक पाहुणा.

या दोघांची तुलना करून कुणाला लहान करायचं नाही. करीसारखा नेमबाज या खेळाने पाहिला नव्हता. 2015-16 मध्ये त्याने 402 थ्री पॉइंटर टाकले. पण त्याने एक उलथापालथ केली, तिचा फटका इशसारख्यांना बसला, आणि हे फारसं बोललं जात नाही. करीनंतर प्रत्येक संघाला असा गार्ड हवासा झाला, जो लांबून मारू शकेल. इशचा लांबचा शॉट बेताचा होता, त्यामुळे समोरचा गडी दोन पावलं मागे हटून उभा राहायचा. म्हणजे ज्या वेगावर त्याचं सगळं चालायचं, त्याची वाट अरुंद होत गेली. डेट्रॉइटमध्ये मी हे वरच्या रांगेतून तीन हंगाम पाहिलं. तो आत घुसायचा, बोर्डाला धरून मऊ शॉट टाकायचा, आणि लोक म्हणायचे, छान आहे, पण बाहेरून मारत नाही. एखाद्या सुरेल गवयाला त्याच्या काळात माइकच नव्हता म्हणून हळू आवाजाचा ठरवावं, तशी ती तक्रार वाटायची मला. मग वाटायचं, तक्रार खरीच आहे. खेळ पुढे गेला आणि तो तिथेच राहिला, हेही तितकंच खरं.

डेट्रॉइटची तीन वर्षं हा त्याचा एका जागेचा सगळ्यात लांब मुक्काम. एनबीएच्या नियमात खेळाडूला एक कवच मिळू शकतं: ‘माझ्या संमतीशिवाय माझा ट्रेड करायचा नाही’ असं कलम. त्यासाठी लीगमध्ये आठ वर्षं झालेली असावी लागतात आणि त्यातली चार त्याच संघात. इशची आठ वर्षं झाली, चौदा झाली. कुठल्याही एका संघात चार कधी झाली नाहीत. ज्याला हलवलं जातं त्यालाच न हलण्याचा हक्क मागता येत नाही, अशी ही रचना आहे. 2022 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने ब्रॅडली बीलला पाच वर्षांचे 25 कोटी 10 लाख डॉलर दिले आणि वर ते कलमही. त्याच उन्हाळ्यात त्याच वॉशिंग्टनने शार्लटहून तिथे परत आलेल्या इश स्मिथला डेन्व्हरला दिलं. या व्यवहारात मोठं नाव होतं केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप. इश पुन्हा सुट्टे.

आणि डेन्व्हर नगेट्समध्ये सगळ्यात उत्तम पास देणारा कोण, तर निकोला योकिच, एक सेंटर. जवळजवळ सात फुटांचा, धिम्या चालीचा, वर्षानुवर्षं त्याच संघात. जे इशने जन्मभर केलं ते तिथे एक उंच माणूस रिंगपाशी उभा राहून करत होता. इशला फारसं काम नव्हतं. तो बेंचवर बसायचा, टॉवेल घेऊन उठायचा, धाकट्या गार्डांच्या कानाशी लागायचा. प्लेऑफमध्ये मोजकी मिनिटं खेळला, तीही निकाल ठरल्यावर. 12 जून 2023 च्या रात्री डेन्व्हरने मायामी हीटला 94-89 ने हरवून 4-1 अशी अंतिम मालिका जिंकली, एनबीएत आल्यापासूनच्या 47 हंगामांतलं त्यांचं पहिलं अजिंक्यपद. मी ते मिशिगनमधल्या घरी टीव्हीवर पाहिलं. सांगलीच्या मित्राला मेसेज केला: “तुझा पाहुणा जिंकला.” त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तोवर त्याचीही बदली टेक्सासला झाली होती आणि तो सामान उतरवून घेत होता.

पुढच्या नोव्हेंबरात शार्लट हॉर्नेट्सचे गार्ड एकामागून एक जखमी होऊ लागले. त्यांतला लमेलो बॉल त्या हंगामात 22 सामनेच खेळू शकला. बॉल नीट पुढे नेणारा कुणीतरी लगेच हवा होता. इश स्मिथ तेव्हा 35 वर्षांचा होता आणि कुठल्याच संघात नव्हता. त्याला फोन गेला. तो आला, घरच्या शहरात, घरच्या संघात, तोही दुसऱ्यांदा. तो त्याचा शेवटचा हंगाम. हॉर्नेट्सने त्यात 82 पैकी 61 सामने गमावले.